जूनमध्ये शाळेत परतणाऱ्या आईसाठी: रजा, पगार आणि पाळणाघर

मे महिना उजाडला की शिक्षिकांचे प्रश्न सुरू होतात. नावे आणि गावे बदलतात, प्रश्न तेच असतात. "रजा भर सुट्टीत संपते आहे, हजर कधी व्हायचं?" "संस्था म्हणते तुम्ही कंत्राटी, तुम्हाला पगारी रजा नाही. खरं आहे का?" "बाळ पाच महिन्यांचं, मोठ्याची फी जूनमध्ये आणि माझा पगार जुलैत. मधले दिवस कसे काढू?"

यातल्या बहुतेकजणी काटकसरीची सुरुवात वह्या, डबे आणि दप्तरापासून करतात. जरूर करा, पण त्याआधी एक हिशेब मांडून पाहा. खासगी शाळेत तुमचा पगार १८,००० रुपये असेल, तर दिवसाला साधारण ६०० रुपये पडतात. कायद्याने देय असलेली २६ आठवड्यांची रजा म्हणजे १८२ दिवस. ढोबळमानाने १,०९,२०० रुपये झाले. वह्यांच्या खरेदीत घासाघीस करून फार तर चार-पाचशे सुटतील. त्यामुळे या उन्हाळ्यात पहिली फेरी स्टेशनरीच्या दुकानात नको, शाळेच्या कार्यालयात मारा.

आधी नेमणुकीचा कागद काढा

तुम्हाला काय मिळेल, हे तुमची नेमणूक कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते. कपाटातून नियुक्तीपत्र काढा आणि पुढीलपैकी कुठे बसता ते पाहा.

- जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित शाळेत नियमित नेमणूक: प्रसूती रजा १८० दिवस, पूर्ण पगारी. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावीत, ही अट.
- मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळा: सेवाशर्तींना १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते. त्या नियमावलीत रजेचे नियम आहेत, प्रसूती रजाही आहे. 'आम्हाला अनुदान नाही म्हणून नियमही नाहीत' हे म्हणणे टिकणारे नाही.
- शिक्षणसेवक: मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. तीन वर्षांच्या या काळात कोणती रजा लागू आहे, हे गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. स्टाफरूममधल्या माहितीवर अर्ज करू नका.
- कंत्राटी, तासिका तत्त्वावर किंवा दरवर्षी नवे पत्र: सर्वांत जास्त फसवणूक याच गटाची होते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पगारपत्रकावर ईएसआयसीची कपात दिसते का, तेही बघा. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल आणि शाळा त्या योजनेत असेल, तर २६ आठवड्यांचा लाभ थेट महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले लागते. ०.७५ टक्के कपात दरमहा दिसत असूनही 'हे कशाचे पैसे' असे कधी न विचारलेल्या शिक्षिका पुष्कळ आहेत.

कायदा काय देतो

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेल्या गोष्टी तिच्यात कायम आहेत. निर्णय घ्यायला तुम्हाला एवढे माहीत असले तरी पुरे:

- पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. प्रसूतीआधी त्यांतले ८ आठवड्यांपर्यंत घेता येतात. दोन अपत्ये हयात असतील, तर पुढच्या बाळंतपणासाठी १२ आठवडे.
- अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे.
- प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम आगाऊ द्यायची असते. उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. 'तुम्ही परत रुजू झालात की मग एकदम देऊ' हे तोंडी आश्वासन कायद्यात कुठेही बसत नाही.
- बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन विश्रांती.
- ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा.
- मातृत्व रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदेशीर.

प्रसूतीआधीचे आठवडे किती घ्यायचे, हा निर्णय डॉक्टर आणि प्रकृतीवर सोडा. प्रकृती साथ देत असेल, तर आधीचे कमी आणि नंतरचे जास्त ठेवणे पैशाच्या आणि दुधाच्या दृष्टीने फायद्याचे. रजा कॅलेंडरच्या दिवसांनी मोजली जाते. रविवार, दिवाळी, मे महिना सगळे तिच्यात धरतात.

'तुम्ही कंत्राटी आहात' या उत्तरावर

हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी महिला कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच मातृत्व लाभ त्यांनाही लागू असल्याचे ठरवले. कराराची मुदत मध्येच संपली तरी मातृत्व लाभ त्या तारखेला थांबत नाही, हे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या सरकारी शाळेतील इंग्रजीच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात तर प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

आपल्याकडच्या अनेक खासगी शाळांत एप्रिलअखेर सेवा संपवायची आणि जूनमध्ये नवे पत्र द्यायचे अशी वहिवाट आहे. गरोदर किंवा बाळंतीण शिक्षिकेला ते जूनचे पत्र मिळतच नाही. 'तुम्हाला काढले नाही, फक्त पुन्हा घेतले नाही' असे गोड शब्दांत सांगितले जाते. म्हणून एप्रिलमध्येच तीन गोष्टी करा:

1. गेल्या वर्षांची सगळी नियुक्तीपत्रे, बँकेचे पगाराचे उतारे आणि हजेरीपटाचे फोटो एकत्र ठेवा. ८० दिवसांचा पुरावा यातूनच मिळतो.
2. रजेचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. लिपिक शिक्का देत नसेल, तर तोच अर्ज रजिस्टर टपालाने पाठवा.
3. कोऱ्या कागदावर सही करू नका. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' हे वाक्य कुणी सांगितले म्हणून लिहून देऊ नका. त्या एका ओळीने पुढचे सगळे मार्ग अवघड होतात.

रुजू होण्याचा दिवस

रजा मे महिन्यात संपत असेल, तर शाळा उघडण्याची वाट पाहू नका. संपली त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेने हजर अहवाल मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. शाळा बंद असेल तर ईमेल किंवा टपाल चालेल. हा कागद नसला, तर मधले सुट्टीचे दिवस कोणत्या खात्यात टाकायचे हा वाद जुलैत उभा राहतो आणि पगार त्यात अडकतो.

अनुदानित शाळांत याचा पैशाशी थेट संबंध आहे. शालार्थमधले देयक महिना संपायच्या आधीच तयार होते. तुमचा हजर अहवाल त्याच्यानंतर पोहोचला, तर तुमचे नाव त्या देयकात नसते. मग पुरवणी देयक, आणि ते कधी निघेल हे छातीठोकपणे कुणीच सांगत नाही. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तिथे ही तारीख आणखी जवळ येते. म्हणून पहिल्या दिवशी प्रवेशोत्सवाच्या धांदलीत फुगे बांधण्याआधी कार्यालयात जा.

आणखी काही दिवस घरी राहायचे असेल तर क्रम असा ठेवा. शासकीय, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतील शिक्षिकांना २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे: संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. ती मागितली की मिळालीच असे नाही, मंजुरी लागते. त्यानंतर अर्धवेतनी रजेची शिल्लक तपासा. विनावेतन रजा अगदी शेवटी. शिल्लक किती आहे हे न पाहताच विनावेतनचा अर्ज देणाऱ्या शिक्षिका दरवर्षी भेटतात.

बाळ कोणापाशी राहणार

आजीवर सगळा भार टाकायचा बेत असेल, तर आधी आजीला विचारा. हे हसण्यावारी नेऊ नका. ऐन जूनमध्ये 'मला जमणार नाही' हे कळले, तर मिळेल ते पाळणाघर मिळेल त्या दरात घ्यावे लागते.

पाळणाघर पाहायला जाल तेव्हा सकाळी ठरवून एकदा आणि दुपारी न सांगता एकदा जा. विचारायच्या गोष्टी: एका बाईकडे किती बाळे असतात, अनामत परत मिळते का, बाळ आजारी असताना ते दिवस वजा होतात का, मे महिन्यात आणि दिवाळीत पैसे द्यावे लागतात का. शेवटचा प्रश्न शिक्षिकांसाठी फार महत्त्वाचा. तुम्हाला सुट्टी असते तेव्हा बाळ घरीच असते आणि सांगितले नाही तर वर्षातल्या जवळजवळ दोन महिन्यांचे पैसे फुकट जातात. शिक्षिकांसाठी दहा महिन्यांचा दर मागा. बरीच पाळणाघरे देतात, कारण दहा महिने वेळेवर येणारे आणि वेळेवर नेणारे पालक त्यांनाही हवे असतात.

बाळाला तिथे १ जूनपासून थोडा-थोडा वेळ सोडा. शाळेचा पहिला दिवस आणि पाळणाघराचा पहिला दिवस एकच ठेवू नका.

दूध आणि वेळापत्रक

शाळेत दूध काढून ठेवणे जमले, तर डब्याच्या दुधाचा मोठा खर्च वाचतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हाताने दाबायचा साधा पंप किंवा नुसता हातही पुरतो. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेकडून एकदा नीट शिकून घ्या. खरी अडचण वेळ आणि जागा यांची असते.

सकाळच्या सत्रात सातला शाळा भरते, म्हणजे तुम्ही साडेसहाला घर सोडता. दहाच्या सुमाराला छाती भरून येते. तुमचा ऑफ तास पहिला किंवा शेवटचा पडला, तर त्याचा काही उपयोग नाही. तो तिसऱ्या-चौथ्या तासाला हवा, मोठ्या सुट्टीला लागून असेल तर उत्तमच. वेळापत्रक करणाऱ्या सरांना हे कुणीतरी सांगावे लागते, आणि सरांना ते ऐकताना अवघडल्यासारखे होते. पर्यवेक्षिकेमार्फत एक ओळीचा अर्ज द्या: 'स्तनपानासाठी चौथा तास मोकळा ठेवावा.' एकदा वेळापत्रक छापून वर्गावर्गांत लागले, की मग बदल करायला कुणी तयार होत नाही. म्हणून अर्ज शाळा उघडण्याआधीच.

जागेसाठी कडी लागणारी कोणतीही खोली चालेल: प्रयोगशाळेची आतली खोली, परीक्षा विभाग, वैद्यकीय कक्ष. स्वच्छतागृह नको.

काढलेले दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकते. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लांबला तर स्टाफरूम त्याहून गरम असते, तेव्हा बर्फाची पिशवी घातलेला डबा न्या किंवा शाळेतल्या फ्रिजवर नावाची चिठ्ठी लावा. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवता येते. पाजताना बाटली गरम पाण्यात धरून कोमट करा. दूध उकळू नका. दूध पुरत नसेल आणि डॉक्टरांनी डब्याचे सांगितले, तर ते द्या आणि त्यावरून स्वतःला दोष देऊ नका.

जून-जुलैचा पैसा

आता खर्चाकडे. जूनमध्ये सगळे एकदम अंगावर येते: मोठ्याची फी, वह्या, रेनकोट, पाळणाघराची अनामत, कदाचित विम्याचा हप्ताही. विनावेतन रजेवरून परतलात तर हातात पैसा जुलैत येणार. म्हणून मे महिन्यातच 'जूनमध्ये द्यावेच लागणारे' आणि 'जुलैपर्यंत थांबणारे' अशा दोन याद्या करा. दुसरी यादी वाटते त्यापेक्षा लांब निघते.

- लसी: बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, पीसीव्ही, गोवर-रुबेला या सगळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. दर्जात काही कमी नाही. खासगीत याच लसींवर हजारो रुपये जातात. यादीबाहेरची लस डॉक्टरांनी सुचवली, तर ती केव्हापर्यंत चालेल ते विचारा.
- मोठ्याची फी: हप्त्यांसाठी अर्ज मे महिन्यात द्या. गणवेश किंवा वह्या ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती शाळेने करणे योग्य नाही, हे तुम्ही स्वतः शिक्षिका म्हणून जाणता. पालक म्हणूनही तसे म्हणा.
- जुनी पुस्तके: राज्य मंडळाचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून इयत्तावार बदलतो आहे, पहिलीपासून सुरुवात झाली. शेजारच्या मुलाची पुस्तके घेण्याआधी आवृत्ती बघा. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पहिली ते आठवीला सरकारी आणि अनुदानित शाळांत ती छापील स्वरूपातही मोफत असतात.
- लंगोट: सुती लंगोट स्वस्त खरे, पण पावसाळ्यात वाळत नाहीत. घरी सुती, रात्री आणि पाळणाघरात डायपर अशी सांगड बहुतेक घरांत परवडते.
- वर्गसजावट: तक्ते, कागद, फुलांच्या माळा स्वतःच्या पैशाने आणू नका. यंदा तरी नाही. जिल्हा परिषद शाळांना संयुक्त शाळा अनुदान असते, खर्च त्यातून मागा.
- विमा आणि बचत: वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याच्या आयुर्विम्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५ दिवसांची. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते उघडले असेल, तर वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहते. यंदा तेवढेच भरा. शाळेची सामूहिक आरोग्य पॉलिसी असेल, तर बाळाचे नाव घालायला मात्र उशीर करू नका.

सरकारी योजनांपैकी दोन बघण्यासारख्या आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरी मुलगी असेल तर ६,००० एकदम. सरकारी नोकरीत असणाऱ्या किंवा कायद्याने पगारी मातृत्व लाभ मिळालेल्या महिला यात बसत नाहीत. कंत्राटी आणि तासिकेवरच्या शिक्षिकांनी अंगणवाडी सेविकेकडे जरूर चौकशी करावी. लेक लाडकी योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या, वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० पासून १८ व्या वर्षी ७५,००० पर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. दोन्हींसाठी जन्मनोंद लागते. २१ दिवसांच्या आत ती मोफत होते.

कर्ज आणि वरकमाई

कर्ज काढावेच लागले, तर पहिले दार शिक्षक पतसंस्थेचे. तिथल्या आकस्मिक कर्जाला जामीनदार आणि थोडी धावपळ लागते, पण व्याज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपेक्षा कितीतरी कमी असते. जुन्या कर्जावर नवे चढवून घेण्याचा मोह टाळा, कारण कपात वाढली की दिवाळीपर्यंत हातात येणारा पगारच आटतो. सोने गहाण ठेवलेत, तर फक्त व्याज भरत वर्षे काढू नका. सोडवायची तारीख ठरवूनच ठेवा. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

घरी शिकवण्या घेण्याचा विचार बऱ्याचजणी करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शेजारच्या चार मुलांपायी सेवापुस्तकात शेरा यायला नको.

निवडणूक आणि जनगणनेचे आदेश

निवडणूक, जनगणना आणि आपत्तिनिवारण ही कामे शिक्षकांना देता येतात. मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांना निवडणुकीच्या कामातून वगळण्याच्या सूचना आहेत. आदेश आला की न जाण्याची चूक करू नका. बाळाचा जन्मदाखला जोडून त्याच दिवशी तहसील कार्यालयात सवलतीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

हक्क नाकारला तर

आधी मुख्याध्यापक, मग संस्थेचे सचिव, मग शिक्षणाधिकारी: प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज, प्रत्येकाची पोच. पगारी रजेची रक्कम अडवली असेल, तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. शिक्षक संघटनेत असाल, तर तालुका पदाधिकाऱ्याला सोबत न्या. एकटीने गेल्यावर फाइल सापडत नाही, दोघे गेल्यावर बहुधा सापडते.

सेवाच संपवली, तर १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत आदेश हाती आल्यापासून ३० दिवस. बाळ, टाके, झोप नाही, पाहू नंतर, असे म्हणता म्हणता हे ३० दिवस निघून जातात. आदेशाच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.